पर्यावरणशास्त्राला प्रवेश घेऊ का? विभागातली दोन वर्षं प्रत्यक्षात कशी जातात

प्रश्न कराडकडच्या एका मुलीचा आहे. तिचं बी.एस्सी. वनस्पतिशास्त्रात झालंय आणि एम.एस्सी. पर्यावरणशास्त्रासाठी दोन विद्यापीठांत अर्ज केलाय. ती विचारते, तिथे दिवसभर नेमकं काय करतात? प्राध्यापकांना मुलांसाठी वेळ असतो का? तिचे वडील विचारतात, "पुढं काय लागतं ह्याच्यानं?"

मी २७ वर्षं पश्चिम महाराष्ट्रात हाच विषय शिकवला. विद्यार्थ्यांशी बोलायची सवय आहे, म्हणून तुला तू म्हणूनच लिहिते.

आधी उत्तर सांगते, कारणं मागून. प्रवेश घे. मात्र विभाग निवडताना एक गोष्ट सगळ्यांत वर ठेव: तिथली मुलं वर्षातून किती दिवस नदीवर, रानात, नाल्यावर जातात, आणि आणलेला नमुना स्वतःच्या हातानं तपासतात का. इमारत जुनी असली, वर्गातला पंखा कुरकुरत असला तरी चालतं. ब्यूरेट (द्रावण थेंबाथेंबानं सोडायची काचेची नळी) हातात न धरता दोन वर्षं गेली तर मात्र ती भरून निघत नाहीत.

आपल्या विषयाला स्वतःचं असं माहेर नाही. वर्गात वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, प्राणिशास्त्र, भूगर्भशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र अशी कुठून कुठून आलेली मुलं असतात, त्यामुळे पहिला महिना सगळ्यांनाच जड जातो. तुला नॉर्मॅलिटीची, म्हणजे द्रावणाच्या तीव्रतेची गणितं पुन्हा घोटावी लागतील. रसायनवाल्या मुलाला जांभूळ आणि अंजनी वेगळी ओळखायला अख्खा पावसाळा लागेल. मी पहिल्याच आठवड्यात जोड्या लावायचे, एक झाडंवाला आणि एक रसायनवाला. सुरुवातीला दोघं एकमेकांवर चिडायची. दिवाळीपर्यंत त्यातली कितीतरी एकमेकांच्या वह्या वाचून अभ्यास करायला लागलेली असायची. तुझ्या हातात तयार हर्बेरियम शीट (कागदावर लावलेला वाळवलेल्या झाडाचा नमुना) असेल तर ती घेऊन जा. तिथे तिला मान आहे.

आता तुझा पहिला प्रश्न. त्यासाठी तुला पंचगंगेवरचा एक दिवस सांगते.

नमुने आणायचे त्या दिवशी आम्ही सकाळी सहाला निघायचो. बाटल्या आदल्या संध्याकाळी धुऊन, खुणा करून ठेवलेल्या. बर्फाचा डबा, थर्मामीटर, दोरी बांधलेली बादली, वही, पेन्सिल. (पेन नाही, ओल्या हातानं शाई फुटते.) सुरुवात प्रयाग चिखलीला. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचं पाणी एकत्र येऊन तिथून पंचगंगा म्हणून वाहू लागते. मग कोल्हापूरचा घाट, शहराच्या नाल्यांच्या खालची बाजू, पुढे इचलकरंजी, तेरवाडचा बंधारा, शिरोळ, आणि शेवटी नृसिंहवाडी, जिथे ती कृष्णेला मिळते. प्रत्येक ठिकाणी तेच काम. पाण्याचं तापमान आणि पीएच जागेवरच घ्यायचा आणि विरघळलेला ऑक्सिजन जागेवरच बांधून टाकायचा, कारण तो प्रयोगशाळेपर्यंत तसाच राहत नाही.

तो कसा बांधतात ते बघ. ३०० मिलीची काचेची बाटली पाण्यात तिरकी धरून, बुडबुडा न येऊ देता भरायची. पिपेटचं टोक पाण्याखाली नेऊन आधी २ मिली मँगनीज सल्फेट सोडायचं, मग २ मिली अल्कली-आयोडाइड-अझाइड. बूच लावून बाटली उलटीपालटी करायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो आणि हळूहळू तळाशी बसतो. ऑक्सिजन नसेल तर साका पांढराच राहतो.

फेब्रुवारीचे दिवस होते. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम ऐन भरात, बंधाऱ्याला बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेले, त्यामुळे पाणी तुंबलेलं. तेरवाडला माझ्या एका विद्यार्थिनीनं बाटली भरली, दोन्ही रसायनं घातली, हलवली. साका पांढरा. ती म्हणाली, "मॅडम, रिएजंट गेलंय बहुतेक." मी डब्यातून सकाळची प्रयागची बाटली काढून तिच्या हातात दिली. त्याच रिएजंटनं बांधलेली होती आणि तळाला दाट तपकिरी साका बसला होता. दोन्ही बाटल्या शेजारी धरून ती बराच वेळ बघत राहिली. मग न सांगताच तिनं दुसरी बाटली भरली. पुन्हा पांढरा. काठावर म्हशी धूत असलेले एक आजोबा म्हणाले, "मासं कालपास्नं वर यायल्यात."

तिनं विचारलं, "शून्य लिहायचं?"

म्हटलं, लिही. सोबत हेही लिही की दोनदा तपासलं, किती वाजले होते, पाणी किती गरम होतं, बर्गे घातलेले होते की काढलेले. नदीत सेंद्रिय घाण आली की जिवाणू ती खातात आणि खाताना ऑक्सिजन वापरतात. पाणी वाहतं असेल तर हवेतून तो पुन्हा मिसळत राहतो, पण बंधाऱ्यामागे उभ्या राहिलेल्या पाण्यात तो भरून निघत नाही. म्हणून त्या आकड्याशेजारी बंधाऱ्याची स्थिती लिहिलेली नसेल तर आकडा अर्धाच राहतो. हे पुस्तकात एका ओळीत येतं. तिला ते त्या दिवशी दोन बाटल्यांत दिसलं. ती मुलगी आज एका मोठ्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राची प्रमुख रसायनतज्ज्ञ आहे.

नदीवरून परतल्यावर खरा दिवस सुरू होतो. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण खायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागतो त्याचं माप. त्याच्या बाटल्या आपल्याकडे २७ अंश सेल्सिअसला ३ दिवस इन्क्युबेटरमध्ये ठेवतात. म्हणजे गुरुवारी नमुने आणले की कुणाला तरी रविवारी यावं लागणार. सोमवार-मंगळवारीच नदीवर जायचं, ही आमच्याकडची न लिहिलेली शिस्त. सीओडीला, म्हणजे तीच घाण रसायनानं जाळायला किती ऑक्सिजन लागतो ते काढायला, डायक्रोमेटबरोबर २ तास उकळायचं, मग रंग दाखवणारं फेरोइन घालून टायट्रेशन, म्हणजे थेंबाथेंबानं मोजणी, आणि निळसर हिरवा रंग एका थेंबात लालसर होतो तो क्षण पकडायचा. पहिल्या दहा वेळा तो हातून निसटतोच. त्या उरलेल्या द्रावणात पारा असतो, चांदी असते, क्रोमियम असतं. ते सिंकमध्ये ओतत असतील तर त्या विभागानं विषय मनावर घेतलेला नाही असं समज. वेगळा, चिठ्ठी लावलेला कॅन हवा. हे मी अनेक परीक्षांना बाहेरची परीक्षक म्हणून गेले तेव्हा सगळ्यांत आधी बघायचे.

रानातली शिबिरंही असतात. आम्ही राधानगरी-दाजीपूरकडे जायचो. झाडांसाठी १० बाय १० मीटरचा चौकोन दोरीनं आखायचा, झुडपांसाठी ५ बाय ५, गवतासाठी १ बाय १, आणि आतलं प्रत्येक झाड मोजायचं. दुपारपर्यंत पाठ मोडते आणि जळवा लागतात. एकदा देवराईत मुलं एका झाडापाशी अडून बसली होती. सोबत आलेल्या गावातल्या आजींनी पान चुरगळून वास घेतला आणि नाव सांगितलं, फळ कधी धरतं ते सांगितलं, आणि पूर्वी अशी झाडं कुठपर्यंत होती तेही हात करून दाखवलं. तू वनस्पतिशास्त्रातून येतेस, तुला हे कळेल: त्या वहीत आजींचं नाव माहिती देणाऱ्या म्हणून लिहायला लावलं होतं मी. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी लोकांच्या जैवविविधता नोंदवह्यांचा आग्रह धरला आणि २००२ च्या जैवविविधता कायद्यानंतर त्या गावोगाव करायच्या ठरल्या, त्यामागची समज हीच आहे.

आता प्राध्यापकांच्या वेळेबद्दल. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमानं सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास शिकवायचं असतं, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापकाला १४. ऐकायला कमी वाटतं. त्यावर प्रॅक्टिकलची तयारी, प्रकल्प, परीक्षा, नॅकच्या (कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेच्या) फायली आणि पीएच.डी.चे विद्यार्थी चढतात. सहायक प्राध्यापकाकडे ४, सहयोगीकडे ६, प्राध्यापकाकडे ८ संशोधक असू शकतात. आणि महाराष्ट्रात कितीतरी विभागांत मंजूर पदंच भरलेली नसतात. मग तासिका तत्त्वावरची, म्हणजे तासाप्रमाणे मानधन मिळणारी तरुण मंडळी विभाग ओढतात. त्यांतले कितीतरी जीव ओतून शिकवतात, मे महिन्यात मानधन नसतं तरी प्रकल्पाचं प्रकरण तपासून देतात. त्यांना कमी लेखू नकोस. माझ्या विद्यार्थ्यांना शेतातल्या मातीची बारीकसारीक समज ज्यांनी दिली, ते सर आठ वर्षं तासिकेवरच होते.

प्राध्यापकांचा वेळ बाहेरची माणसंही घेतात, आणि मला तो कधीच वाया गेलासा वाटला नाही. कोल्ड्रिंकच्या बाटलीत विहिरीचं पाणी घेऊन एखादा शेतकरी दारात उभा राहायचा. "मॅडम, पाणी पिवळं पडलंय, बघा की." ते पाणी दोन दिवसांपूर्वीचं, बाटली नीट न धुतलेली, त्याचा अधिकृत अहवाल देता येत नाही. तरी मी त्याला कधी तसंच परत पाठवलं नाही. एखाद्या विद्यार्थ्याला बोलवायचं, पीएच, कठीणपणा, नायट्रेट त्याच्यासमोर तपासायचं, आणि नमुना कसा आणायचा ते शिकवून स्वच्छ बाटली देऊन पाठवायचं. ती मुलं त्या अर्ध्या तासात शेतकऱ्याला समजेल असं बोलायला शिकायची. नायट्रेट म्हणजे काय, हे "खतातलं नत्र जमिनीतून विहिरीत उतरलंय" असं सांगता येणं हासुद्धा अभ्यासक्रमच.

विषय कॉलेजांमध्ये एवढा पसरला कसा, हेही माहीत असू दे. वकील एम. सी. मेहतांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं. अंमल होईना म्हणून २००३ मध्ये पुन्हा बजावलं, आणि यूजीसीनं पदवीच्या सगळ्या शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला. बी.कॉम.च्या मुलांनाही पर्यावरणाचा पेपर असतो तो त्यामुळे. दुर्दैवानं अनेक ठिकाणी तो जो मोकळा असेल त्या शिक्षकाच्या गळ्यात पडतो. हा विषय शिकलेल्या माणसानंच तो शिकवावा असं मी वर्षानुवर्षं सांगत आले.

पण विभाग कशासाठी असतो हे मला सगळ्यांत जास्त कळलं ते २०१९ च्या ऑगस्टमध्ये. कोल्हापूर-सांगलीचा महापूर ओसरला तेव्हा शिरोळकडच्या गावांतल्या विहिरी, हातपंप, टाक्या सगळं पुराच्या पाण्याखाली जाऊन आलेलं. वर्ग भरत नव्हते. कितीतरी मुलांच्या स्वतःच्या घरांत पाणी शिरलं होतं, आणि तरी ती आली. आम्ही एच-टू-एसच्या बाटल्या वाटून घेतल्या. या छोट्या बाटलीत पाणी भरून उबदार जागी ठेवायचं. पाण्यात मैल्याचे जिवाणू असतील तर एक-दोन दिवसांत आतलं पाणी काळं पडतं. विभागातल्या लांब टेबलावर गावांच्या नावाच्या चिठ्ठ्या लावून ओळीनं बाटल्या मांडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप काढलं, तर निम्म्याहून जास्त काळ्या. एका मुलाच्या स्वतःच्या गावची बाटली त्यात होती. तो काहीच बोलला नाही. त्यानं गावच्या जलसुरक्षकाला फोन लावला, टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर) किती घालायची ते आकडा करून सांगितलं, आणि दुपारी स्वतः जाऊन नळाच्या पाण्यात क्लोरीन आहे का ते दाखवणारी ओटी टेस्ट केली. पिवळा रंग आला, म्हणजे क्लोरीन होता, तेव्हा त्यानं मला फोटो पाठवला. तो फोटो माझ्याकडे अजून आहे.

आता वडिलांचा प्रश्न, आणि तो अगदी रास्त आहे. सरळ सांगते: या पदवीवर ठरलेली सरकारी नोकरी कुणी राखून ठेवलेली नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जागा निघतात तेव्हा निघतात, त्यांच्या भरवशावर दोन वर्षं काढू नकोस. नेट-सेटमध्ये (प्राध्यापक व्हायच्या पात्रता परीक्षांत) पर्यावरणशास्त्र हा विषय आहे, शिकवायचं असेल तर त्याची तयारी दुसऱ्या वर्षापासूनच कर. बहुतेक मुलं लागतात ती सांडपाणी प्रक्रिया केंद्रांत, पाणी-हवा तपासणाऱ्या प्रयोगशाळांत, पर्यावरणीय आघात मूल्यांकन (प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल त्याचा अंदाज) करणाऱ्या सल्लागार संस्थांत, पाणलोटाचं काम करणाऱ्या संस्थांत, कारखान्यांच्या पर्यावरण विभागांत. अलीकडे आणखी एक दार उघडलंय. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं बाजारात नोंदलेल्या सगळ्यांत मोठ्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा सविस्तर अहवाल सक्तीचा केला. पाणी किती वापरलं, कचरा किती, उत्सर्जन किती, हे मोजणारी माणसं त्यांना लागतात. पहिला पगार घरच्यांना वाटतो त्यापेक्षा कमीच असतो. ज्याला मोजता येतं आणि नीट लिहिता येतं, त्याचा तीन-चार वर्षांत चांगला वाढलेला मी पाहिलाय.

सल्लागार संस्थांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. माझी एक विद्यार्थिनी नोकरीला लागल्यावर चौथ्या महिन्यात रात्री साडेदहाला फोन करून रडत होती. एका प्रकल्पाच्या मूल्यांकनासाठी हवेची मोजणी करायची होती: प्रत्येक ठिकाणी आठवड्यातून दोनदा, २४-२४ तास, १२ आठवडे. यंत्र प्रत्यक्षात मोजके दिवसच लावलं होतं. उरलेले रकाने तिला "६० ते ८० च्या मधले" आकडे घालून भरायला सांगितले होते, कारण पीएम-१० ची (हवेतल्या बारीक धुळीची) २४ तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे आणि त्याखाली राहिलं की कुणी विचारत नाही. मी तिला एवढंच विचारलं, तेरवाडला पांढरा साका आला तेव्हा आपण काय लिहिलं होतं? (प्रत्येक बॅचला ती गोष्ट मी सांगायचे.) तिनं भरायला नकार दिला आणि दोन महिन्यांनी नोकरी सोडली. सहा महिने घरी बसली. तो काळ तिच्या घराला सोपा गेला नाही, आणि तिला तो सल्ला देणारी मी होते, याचं ओझं मी वागवलं. पुढे तिला एका प्रयोगशाळेत चांगली जागा मिळाली. प्रामाणिक सल्लागारही पुष्कळ आहेत, त्यांच्याकडे आमची मुलं आनंदानं काम करतात. मुलाखतीला गेलीस की विचार, तुमची मोजणीची यंत्रं किती आहेत आणि ती लावायला कोण जातं. उत्तर कसं येतं त्यावरून कळतं.

पीएच.डी.चं आत्ताच ठरवू नकोस. किमान तीन वर्षं लागतात, बहुतेकांना पाच, आणि जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली तर महिना ३७,००० रुपये मिळतात, ते नसेल तर घरावर भार पडतो. एम.एस्सी.चा प्रकल्प करताना एखाद्या प्रश्नानं झोप उडाली, तर कर.

मुलगी म्हणून दोन गोष्टी. शिबिरं मुक्कामी असतात, घरून आधीच परवानगी घेऊन ठेव, आणि सोबत शिक्षिका असते का ते विभागाला मोकळेपणानं विचार. नदीकाठी दिवस दिवस स्वच्छतागृह मिळत नाही म्हणून मुली पाणीच पीत नाहीत आणि उन्हात चक्कर येऊन पडतात. मी वाटेवरच्या शाळा आणि ग्रामपंचायती आधीच सांगून ठेवायचे. तुमच्याकडे ही सोय कोण बघतं, असं विचारण्यात काही संकोच नको.

पैशाचं म्हणशील तर शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीचा अर्ज वेळेत भर, आणि वसतिगृहात 'कमवा व शिका' योजना असेल तर नाव घाल. माझे कितीतरी चांगले विद्यार्थी त्या योजनेतून शिकले.

शेवटी, दोन्ही विभागांत प्रवेशाआधी स्वतः जाऊन ये, वडिलांना घेऊन. प्रयोगशाळेत इन्क्युबेटर कुठंय ते विचार आणि आत बघू का म्हण. आत बाटल्या असतील, त्यांवर तारीख आणि मुलांची नावं असतील, तर तिथे काम चालू आहे. साधारण साडेचारला जा. चहाच्या वेळी दुसऱ्या वर्षाची मुलं बाहेर असतात. त्यांना विचार, शेवटचं नदीवर कधी गेला होतात आणि काय सापडलं.